दिवे गेलेलं अंतराळयान

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आजचा विषय ऐकून काहींना हसू येईल. अंतराळयानाचे दिवे लागेनासे झाले तर काय करायचं, हा तो विषय. यान अर्थात खरं नव्हे. काचेच्या कपाटात, छोट्या काळ्या स्टँडवर ऐटीत उभं असलेलं, हातभर लांबीचं मॉडेल. बटण दाबलं की खिडक्या उजळतात, मागची इंजिनं निळी होतात आणि घरातली लहान-मोठी सगळीच माणसं क्षणभर गप्प होऊन बघत राहतात. मग एके दिवशी बटण दाबावं तर काहीच होत नाही.

खेळणं बंद पडलं तर आपण हळहळतो आणि दुसरं आणतो. संग्रहातल्या मॉडेलचं तसं नसतं. ते ठरावीक संख्येत निघालेलं असतं, कंपनीने ते बनवणं कधीच थांबवलेलं असतं आणि सुटे भाग मिळत नाहीत. कोपऱ्यावरच्या रिपेअरवाल्याकडे नेलं तर तो उलटसुलट करून बघतो आणि म्हणतो, ‘‘साहेब, उघडतो, पण परत बसेल याची गॅरंटी नाही.’’ त्याचं काही चुकत नाही. म्हणून हे काम बहुधा मालकालाच करावं लागतं. आणि इथेच खरी जोखीम आहे. बिघाड बऱ्याचदा पाच रुपयांचा असतो. तो शोधण्याच्या घाईत केलेलं नुकसान मात्र कायमचं असतं. तडकलेलं कवच, विरघळलेला रंग, जळालेला सर्किट बोर्ड यांना मग कुणीच काही करू शकत नाही.

या जातीच्या मॉडेलांचा मूळपुरुष कोण, हे आधी पाहू. कारण त्याच्या दिव्यांची कथाच आपल्याला अर्धं शास्त्र शिकवते. ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी तिकडच्या एनबीसी वाहिनीवर सुरू झाली. आपल्याकडे १९८० च्या दशकात दूरदर्शनवर ती पाहिलेली मंडळी आज पन्नाशीच्या पुढेमागे असतील. त्यातलं ‘एंटरप्राइज’ हे यान मॅट जेफरीज यांनी रेखाटलं होतं. पडद्यावर अवाढव्य वाटणारं ते यान प्रत्यक्षात सुमारे ११ फुटांचं मॉडेल होतं. लाकूड, प्लॅस्टिक आणि पत्रा यांचं बनवलेलं. १९६४ च्या अखेरीस ते तयार झालं, तेव्हा त्यात दिवेच नव्हते. खिडक्यांमागचा उजेड आणि इंजिनांच्या टोकांची गरगरणारी चमक नंतर टप्प्याटप्प्याने आली.

ती चमक कशी साधली होती, हे कळलं की मौज वाटते. टोकावरच्या अर्धगोल झाकणामागे नाताळच्या माळेतले असतात तसे रंगीत बल्ब, आरशाचे तुकडे आणि एका मोटरीवर फिरणारं पंख्यासारखं पातं. पातं फिरलं की बल्ब झाकले-उघडले जात आणि आत काहीतरी प्रचंड शक्ती खदखदते आहे असा भास होई. तारा आत शिरत त्या यानाच्या डाव्या अंगाने. त्यामुळे डावी बाजू चित्रीकरणासाठी निरुपयोगी झाली. दिवे आणि सजावट होती ती उजव्या बाजूला, आणि कॅमेराही उजवीकडेच. प्रत्येक दिव्याच्या यानाला अशी एक ‘डावी बाजू’ असते, जिथून तारा आत जातात. आपल्या मॉडेलची ती बाजू कोणती, हे ओळखणं ही दुरुस्तीची पहिली पायरी.

पॅरामाउंट कंपनीने १९७४ साली हे मॉडेल वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला दिलं. तिथल्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयात ते राहिलं. मधल्या काळात त्याची अनेकदा डागडुजी झाली. प्रत्येक वेळी हेतू चांगला होता, पण दर वेळी मूळ रूप थोडं थोडं झाकलं गेलं. शेवटी २०१४ साली ते प्रदर्शनातून उतरवून प्रयोगशाळेत नेलं. तिथल्या मंडळींनी लगेच स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला नाही. आधी क्ष-किरण छायाचित्रं काढून आत काय आहे ते पाहिलं. १९६० च्या दशकात ज्यांनी मूळ मॉडेलचे फोटो घेतले असतील त्यांना ते पाठवण्याचं आवाहन केलं. यान ऑगस्ट १९६७ मध्ये जसं दिसत होतं तसं करायचं, हे नक्की ठरवलं. वरच्या तबकडीच्या माथ्यावरचा रंग मूळचाच आहे हे लक्षात आल्यावर तो तसाच जपला. बल्ब मात्र जुने ठेवले नाहीत. त्यांच्या जागी एलईडी बसवले. २०१६ च्या उन्हाळ्यात यान पुन्हा लोकांसमोर आलं.

बल्ब का बदलले? कारण तारेचा बल्ब हा मुळात उजेड देणारा हीटर असतो. त्यात गेलेल्या विजेचा अगदी थोडा भाग प्रकाश होतो, बाकी सगळी उष्णता. बंद लाकडी-प्लॅस्टिकच्या पोटात ती उष्णता कोंडते, रंग वाळून तडकतो, प्लॅस्टिक पिवळं पडतं. १९६६ साली दुसरा उपायही नव्हता. दिसणारा लाल प्रकाश देणारा एलईडी निक होलोनियाक यांनी १९६२ मध्ये करून दाखवला होता, पण पांढऱ्या उजेडासाठी निळा एलईडी लागतो आणि तो चांगला उजळ व्हायला १९९० चं दशक उजाडलं. त्या कामासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आज कपाटातलं यान थंड डोक्याने उजळतं ते त्यांच्यामुळे.

आता आपल्या यानाकडे येऊ. संग्रहालयाकडून घ्यायचा धडा एकच: आधी बघा, मग हात लावा. बघायचं म्हणजे काय? वैद्य नाडी धरण्याआधी चार प्रश्न विचारतो, तसे चार प्रश्न. सगळे दिवे गेलेत की काहीच? पूर्ण बंद आहेत की मिणमिणतात? स्थिर बंद आहेत की हलवलं की लुकलुकतात? आणि हे कधी सुरू झालं? नवे सेल टाकल्यावर, घर बदलल्यावर, पडल्यावर, की दोन वर्षं खोक्यात राहिल्यावर? उत्तरं कागदावर लिहा. अर्धा बिघाड या कागदावरच सापडतो.

सगळेच दिवे गेले असतील तर दोष सगळ्यांच्या सामाईक वाटेवर असणार, म्हणजे सेल, सेलच्या पट्ट्या, स्विच किंवा मुख्य तार. एखादाच गट गेला असेल तर दोष त्या गटाच्या फांदीवर. सगळे मिणमिणत असतील तर सेल उतरलेत किंवा वाटेत कुठेतरी गंज अडथळा करतो आहे. हलवल्यावर लुकलुकत असतील तर जोड सैल आहे किंवा तार आतून तुटली आहे. हे न पाहता थेट यान उघडणं म्हणजे रोग म्हशीला आणि इलाज पखालीला.

आता सुरुवात सेलपासून. इतकी साधी गोष्ट सांगायची काय गरज, असं वाटेल. पण काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण इथे जितकी लागू पडते तितकी क्वचितच कुठे पडत असेल. नवं मॉडेल असेल तर सेल आणि पट्टी यांच्यामध्ये प्लॅस्टिकची पातळ फीत असते. दुकानात सेल उतरू नयेत म्हणून ती घातलेली असते आणि ओढून काढायची राहून जाते. काही मॉडेलांच्या पोटाखाली तीन खाचांचा स्विच असतो: बंद, ‘ट्राय मी’ आणि चालू. मधल्या खाचेवर तो राहिला तर दिवे दोन-चार सेकंद लागून विझतात आणि आपल्याला बिघाड झाल्यासारखं वाटतं.

सेल तपासायला साधा मल्टीमीटर पुरतो. त्याचा खटका डीसी २० व्होल्टवर ठेवा. नवा अल्कलाइन पेन्सिल सेल दीड व्होल्टच्या किंचित वर दाखवतो. पण एक गोम लक्षात ठेवा. मोकळा ठेवलेला उतरता सेलही मीटरवर बरा आकडा दाखवतो. काम पडलं की मात्र बसतो. म्हणून सेल यानात बसवून, स्विच चालू ठेवून मोजा. तसं मोजताना व्होल्ट धडकन खाली आले तर सेल बदला, आणि बदलताना सगळे एकदम बदला. नवा-जुना एकत्र घातला की जुना नव्याला ओढतो आणि स्वतः गळतो.

दुसरी गोम रिचार्ज होणाऱ्या सेलची. त्यांचा दाब १.२ व्होल्ट असतो. तीन साधे सेल मिळून ४.५ व्होल्ट होतात, तर तीन रिचार्जचे ३.६. लाल एलईडीला सुमारे २ व्होल्ट पुरतात, पण पांढऱ्या आणि निळ्याला ३ च्या वर लागतात. त्यामुळे यानाचे लाल दिवे छान लागतात आणि खिडक्या व इंजिनं फिकी पडतात. अशा वेळी यानात काहीच बिघडलेलं नसतं.

सेलचा कप्पा उघडल्यावर पांढरी बुकटी किंवा हिरवट थर दिसला तर समजा गळती झाली आहे. अल्कलाइन सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं. ते बाहेर येऊन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळालं की ही पांढरी बुकटी होते. ती फुंकू नका. डोळ्यांत जाऊ शकते. हातमोजे घाला. हा क्षार अल्कधर्मी, म्हणून त्याला उतारा आम्लाचा. कान कोरायच्या कापसाच्या काडीला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पट्ट्या पुसा. किंचित फसफसेल. मग ओलसर काडीने आम्ल पुसून घ्या, कारण तेही तसंच राहिलं तर पट्टी खातं. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. नुसता काळपटपणा असेल तर शाळेतल्या मुलांचं खोडरबर पुरतं. खरखरीत पॉलिश पेपर वापरू नका. पट्टीवरचा निकेलचा मुलामा गेला की ती पुन्हा पुन्हा गंजते.

आता स्विच. वर्षानुवर्षं न हललेल्या स्विचच्या आत हवेनेच एक पातळ थर चढतो. सेल काढून ठेवा आणि स्विच वीस-पंचवीस वेळा पुढे-मागे करा. घासून तो थर निघतो आणि कित्येकदा दिवे तिथेच परत येतात. नाही आले तर मीटर घ्या. त्याचं काळं टोक सेलच्या ऋण टोकाला लावून धरा आणि लाल टोक विजेच्या वाटेने पुढे न्या. धन बाजूच्या स्विचच्या आधी ४.५ व्होल्ट आणि स्विचनंतर शून्य, असं दिसलं तर चोर सापडला. नळाला पाणी येत नसेल तर प्लंबर टाकीपासून एकेक व्हॉल्व्ह तपासत येतो, तसंच हे. एका वेळी एकच जागा तपासायची आणि एका वेळी एकच बदल करायचा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि दिवे लागले, तर कशाने लागले हे कळत नाही; न लागले तर कशाने आणखी बिघडलं हेही कळत नाही.

पुष्कळ मॉडेलांमध्ये वीज स्टँडमधून यानात जाते. स्टँडच्या दांड्याला दोन पिना आणि यानाच्या पोटाला दोन छिद्रं. यान किंचित तिरकं बसलं किंवा पिनांवर धूळ बसली की दिवे गेले. यान उचलून, पिना पुसून, पुन्हा नीट बसवून पाहा. जिथे दांडा वळतो तिथली तार वरून अखंड दिसते आणि आतून तुटलेली असते. बोटाने हळूच हलवली की लुकलुकते ती हीच. तिथे मीटरची ‘बीप’ वाजवणारी खूण उपयोगी पडते. सेल काढा, तारेच्या दोन टोकांना मीटर लावा आणि तार हलवा. बीप तुटली तर तार बदलायची.

इथपर्यंत यान उघडावं लागत नाही, आणि बहुतेक बिघाड इथपर्यंतच संपतात. पुढे जायचं की नाही हे मात्र मनाशी ठरवा. उघडायचंच असेल तर स्क्रू शोधा. ते रबरी पायांखाली, स्टिकरखाली किंवा सेलच्या कप्प्यात दडलेले असतात. एक स्क्रू राहिला आणि जोर लावला की कवच तडकतं. जुनं प्लॅस्टिक पापडासारखं ठिसूळ झालेलं असतं. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा. स्क्रू अंड्यांच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवा, कारण वरून सारखे दिसणारे स्क्रू लांबीला वेगळे असतात. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर तो कवचाच्या बाहेर डोकावतो. नेलपॉलिश काढायचा द्राव, पेट्रोल किंवा थिनर जवळही आणू नका, प्लॅस्टिक विरघळतं. अल्कोहोलसुद्धा आधी न दिसणाऱ्या जागी लावून बघा. रंग आणि चिकटवलेली अक्षरं त्याने निघू शकतात.

आत काय दिसेल? दोन तऱ्हा असतात. एका तऱ्हेत प्रत्येक खिडकीमागे किंवा चार-पाच खिडक्यांमागे एक एलईडी. दुसऱ्या तऱ्हेत एकच मोठा एलईडी आणि त्यातून निघालेले केसासारखे पारदर्शक तंतू, म्हणजे ऑप्टिकल फायबर. प्रत्येक खिडकीत एका तंतूचं टोक. ही तऱ्हा ओळखली की निदान सोपं होतं. तंतूंच्या यानात एकच खिडकी काळी असेल तर वीज शोधू नका. तिथे वीज नसतेच. तंतू निसटला आहे, मोडला आहे किंवा टोकावर रंग गेला आहे. सगळ्याच खिडक्या एकदम गेल्या तर मूळ एलईडी किंवा त्याची वाट पाहा.

एलईडींच्या यानात जोडणी दोन प्रकारची असते. गणपतीच्या मखराला आपण पूर्वी लावायचो त्या बारीक बल्बांच्या माळा आठवा. एक बल्ब गेला की अख्खी माळ गेली आणि मग कुणीतरी एकेक बल्ब दाबत बसलं. ही एकसर जोडणी. घरातल्या दिव्यांचं तसं नसतं. स्वयंपाकघरातला गेला तरी बाहेरचा चालू राहतो. ही समांतर जोडणी. यानातले दोन किंवा तीनच दिवे एकदम गेले असतील आणि बाकीचे ठीक असतील, तर ते एकसर जोडलेले असावेत आणि त्यातला एकच दोषी असावा. तिन्ही बदलायची गरज नाही.

तो एक कसा ओळखायचा? तीन व्होल्टचा चपटा बटण सेल घ्या आणि एलईडीच्या दोन पायांना क्षणभर लावा. एलईडीला उलटसुलट कळतं; लांब पाय धन आणि कडेला सपाट भाग असतो तो ऋण. लागला नाही तर उलटा करून पाहा. लाल, पिवळा लगेच लागेल. पांढरा, निळा मंद लागेल. दोन्हीकडून अंधार, तर तो गेला.

नवा घालताना एलईडीसोबत रेझिस्टर हवाच. एलईडी स्वतःहून विजेला लगाम घालत नाही. दाब थोडा वाढला तरी प्रवाह भरमसाट वाढतो आणि तो जळतो. रेझिस्टर हा तो लगाम. त्याचं गणित सातवीतल्या मुलालाही जमेल. समजा यान ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं आणि पांढऱ्या एलईडीला ३.२ व्होल्ट लागतात. उरले ५.८ व्होल्ट. प्रवाह १५ मिलिअँपिअर, म्हणजे ०.०१५ अँपिअर हवा. ५.८ ला ०.०१५ ने भागलं की ३८७ ओहम येतात. बाजारात त्याच्या जवळचा ३९० ओहमचा मिळतो. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला तो चिल्लरीत मिळेल. आणि याच गणिताने हेही कळतं की ९ व्होल्टवर तीन पांढरे एलईडी एकसर लागणार नाहीत. तिघांना मिळून ९.६ व्होल्ट हवेत, ते आणायचे कुठून?

सोल्डरिंग करताना, म्हणजे डाख देताना, एक आकडा ध्यानात ठेवा. नेहमीचं शिसं-कथलाचं सोल्डर १८३ अंश सेल्सिअसच्या पुढेमागे वितळतं आणि सोल्डरिंगचं टोक त्याहूनही खूप तापलेलं असतं. मॉडेलचं प्लॅस्टिक शंभर अंशांच्या आसपासच नरम पडतं. म्हणून शक्य तितकं सोल्डरिंग यानाच्या बाहेर काढून करा. आतच करावं लागलं तर टोक दोन-तीन सेकंदच टेकवा. खिडकी उघडी ठेवा, धूर ओढू नका आणि काम झाल्यावर हात धुवा. सराव नसेल तर आधी एखाद्या मोडक्या रेडिओवर हात बसवा.

आणि बोर्डावर डांबराच्या थेंबासारखा काळा ठिपका दिसला तर तिथे थांबा. त्याखाली यानाचा मेंदू असतो. तो गेला तर सहसा दुरुस्त होत नाही. सेल, स्विच, तारा, एलईडी सगळं ठीक आणि तरी अंधार, तर दोष तिथे. मग दिव्यांना वेगळी, साधी जोडणी देता येते; आवाज आणि लुकलुक मात्र जाते.

आता दोन गोष्टी कळकळीने सांगतो. पहिली अ‍ॅडॉप्टरची. अशी यानं आपल्याकडे पुष्कळदा अमेरिकेतल्या भाच्या-पुतण्यांकडून येतात. तिकडे भिंतीतली वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. सोबतच्या अ‍ॅडॉप्टरवर बारीक अक्षरात ‘इनपुट १००-२४०’ असेल तर निर्धास्त लावा. फक्त १२० लिहिलं असेल तर त्याच्या पिनांना कन्व्हर्टर प्लग लावून तो आपल्या सॉकेटमध्ये घालू नका. तो प्लग फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्ट नाही. यान जळेल, अ‍ॅडॉप्टर पेट घेऊ शकेल. इथला अ‍ॅडॉप्टर घेताना त्यावरचे डीसी व्होल्ट यानावर लिहिलेत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, आणि मधली पिन धन की ऋण ही खूण जुळायलाच हवी.

दुसरी गोष्ट बटण सेलची, आणि ती यानापेक्षा फार मोठी आहे. छोट्या मॉडेलांत रुपयाच्या नाण्यासारखे लिथियमचे चपटे सेल असतात. दुरुस्तीच्या वेळी ते टेबलावर चमकत पडलेले असतात आणि शेजारी नातवंड रांगत असतं. असा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं. सुरुवातीला मूल रडतही नाही, फक्त खात नाही, लाळ गाळतं, खोकतं. नुसता संशय आला तरी वाट पाहू नका, उलटी करवू नका. सरळ मोठ्या रुग्णालयात न्या आणि सेल गिळल्याचा संशय आहे हे आधी सांगा, म्हणजे लगेच एक्स-रे होईल. उतरलेला सेलही धोक्याचा. बदललेले सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून वेगळे ठेवा आणि कप्प्याचा स्क्रू नेहमी घट्ट बसवा.

शेवटी एक प्रश्न राहतो. जुना बल्ब काढून नवा एलईडी घातला, तर ते यान तेच राहतं का? संग्राहकांमध्ये यावर वाद आहेत. काही म्हणतात, दिवे लागले नाहीत तरी चालेल, पण मूळ वस्तूला हात लावू नका. काही म्हणतात, अंधारातलं यान म्हणजे मुका पोपट. स्मिथसोनियनने यातला मधला रस्ता दाखवला. जिथे मूळ रंग टिकला होता तिथे त्याला धक्का लावला नाही. आणि जे दिवे यानाला इजा करू शकत होते ते बदलले. घरच्या यानालाही हा न्याय पुरतो. सीलबंद खोकं असेल तर उघडू नका. उघडं असेल तर जे कराल ते पुन्हा उलटं करता येईल असं करा. डिंकाऐवजी स्क्रू, कायमच्या जोडाऐवजी निघणारा कनेक्टर. काढलेला बल्ब फेकू नका. छोट्या पिशवीत घालून खोक्यात ठेवा. सोबत एक चिठ्ठी: अमुक तारखेला अमुक दिवा बदलला, इतक्या ओहमचा रेझिस्टर घातला, तार अमुक रंगाची. पुढे कधी हे यान तुमच्या मुलाच्या किंवा कुणा अनोळखी माणसाच्या हाती जाईल, तेव्हा त्याला ती चिठ्ठी उपयोगी पडेल.

आणि महिनाभर यान लावणार नसाल तर सेल काढून ठेवा. उन्हाच्या खिडकीत ते ठेवू नका. पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. एवढं केलंत तर हे बाकीचं सगळं करायची वेळ फारशी येणार नाही.